अथेन्सच्या यादीत नाव लावायचंय? आधी आईकडचे साक्षीदार जमवा

काळ इ.स.पू. ३४५ च्या आसपासचा धरा. अथेन्समध्ये नागरिक म्हणून नाव लावायची पद्धत ऐकायला फार सोपी आहे. मुलगा अठराचा झाला की बापाने त्याला आपल्या देमोसच्या सभेपुढे उभं करायचं, सभासदांनी शपथ घेऊन मत द्यायचं आणि देमार्खने, म्हणजे देमोसच्या प्रमुखाने, यादीत नाव चढवायचं. तरी माणसं अडकतात, आणि बहुतेक त्याच त्या दोन-तीन जागी.

देमोस म्हणजे नोंदणीचं गाव किंवा वस्ती. अशा १३९ वस्त्या. इथे पहिली चूक होते: पिरेयस बंदरात राहतो म्हणून तिथे जाऊन उपयोग नाही. इ.स.पू. ५०८ मध्ये क्लेइस्थेनीस या सुधारकाने देमोसांची घडी बसवली तेव्हा तुमचे पूर्वज ज्या देमोसात होते, तोच तुमचा. घर पाचदा बदललं तरी तो बदलत नाही.

वयाचं फार मनावर घेऊ नका. लहान दिसलात तर परत मुलांमध्ये पाठवतील, शिक्षा नाही. कमी वयाचा पोरगा यादीत शिरल्याचं पुढे पाचशेंच्या मंडळाला (नगराच्या कारभारी सभेला) आढळलं, तर दंड देमोसच्या लोकांना होतो. म्हणून ते वयाबाबत जास्तच काटेकोर असतात.

खरी अडचण आईची. पेरिक्लीस या पुढाऱ्याच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने आई आणि बाप दोघंही अथेनी असावे लागतात. स्पार्टाशी झालेल्या युद्धाच्या काळात तो ढिला पडला होता, ४०३ मध्ये पुन्हा लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांना एक पालक अथेनी असला तरी चालतो. ही सवलत बापाला लागू असेल, तुम्हाला नाही. अनेक जण इथेच गल्लत करतात. आता आईचं अथेनीपण दाखवायचं कसं? बायकांची नावं देमोसच्या यादीत नसतातच! म्हणजे जो पुरावा हवा, तो ठेवायची सोय सरकारने केलेलीच नाही. मग उरतात माणसं: मामा, आईचे चुलतभाऊ, आणि लग्नानंतर वडिलांनी आपल्या फ्रात्रियाला, म्हणजे कुळबंधूंच्या मंडळाला, मेजवानी दिली तेव्हा पंगतीला असलेले. तुम्हाला लहानपणी अपातूरियाच्या सणात फ्रात्रियापुढे नेलं असेल, तर ते पाहिलेले लोकही शोधा. म्हातारे आधी गाठा. साक्षीदार मेला की दाखला गेला.

नाव यादीत आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. इ.स.पू. ३४६ मध्ये सगळ्या याद्यांची फेरतपासणी निघाली. हालिमूस देमोसच्या एव्क्सिथेओसने न्यायालयात सांगितलेली हकिगत बघा. त्याचं भाषण डेमोस्थेनीस या वक्त्याने लिहून दिलं होतं. शपथ ७३ जणांनी घेतली, पण भाषणं आणि ठराव यांतच दिवस गेला. गाव शहरापासून ३५ स्टेडियम, म्हणजे साधारण सहा किलोमीटर लांब, त्यामुळे म्हातारी माणसं घरी निघाली. वीसेक नावं उरली होती, ती उद्यावर टाकता आली असती. याचं मात्र अंधारात पुकारलं. हजर होते जेमतेम ३०, मतं निघाली ६० च्या वर. आक्षेप काय, तर बाप परदेशी ढंगात बोलतो (तो युद्धात पकडला जाऊन लेउकास बेटावर विकला गेला होता) आणि आई बाजारात फिती विकते, दाई म्हणूनही राहिली होती. म्हणजे गरिबी हाच परकेपणाचा पुरावा! तेव्हा सभेच्या दिवशी आपली माणसं शेवटचं मत पडेपर्यंत हलू देऊ नका.

देमोसने तुम्ही स्वतंत्र माणूस नाही असं ठरवलं, तर न्यायालयात दाद मागता येते. देमोस आपल्यातले पाच जण तुमच्याविरुद्ध उभे करतं. जिंकलात तर नाव लावणं त्यांना भाग. हरलात तर नगर तुम्हाला गुलाम म्हणून विकतं. हे वाचून मगच दाद मागा. साक्षीदार कच्चे असतील तर रागाच्या भरात तर अजिबात नको.

नाव लागलं, पाचशेंच्या मंडळाची तपासणी झाली की दोन वर्षं एफेबोस, म्हणजे शिकाऊ शिपाई, म्हणून पहारा. या काळात तुमच्यावर कोणी दावा लावू शकत नाही, तुम्हालाही लावता येत नाही. वारसाहक्काचं प्रकरण मात्र याला अपवाद आहे, तेव्हा काकाने जमीन दाबली असेल तर दोन वर्षं थांबायची गरज नाही.