केबल मुरवणे

नवी ऑडिओ केबल जोडल्यावर ती बरेच तास वाजती ठेवली की आवाज मोकळा होतो, या समजुतीतून आलेली प्रथा. तिला 'ब्रेक-इन' किंवा 'बर्न-इन' असेही म्हणतात. मुदत १०० ते ४०० तास सांगितली जाते. रोज तीन तास गाणी ऐकणाऱ्या घरात २०० तास भरायला दोन महिन्यांहून जास्त दिवस जातात. केबल पसंत पडली नाही तर ती परत करायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

कोल्हापुरात ही गोष्ट चटकन पटते, कारण मुरणाऱ्या वस्तू इथे रोजच्या वापरात आहेत. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते. तेल पाजून, आठ-पंधरा दिवस घालून मग ती पायाला बसते, कारण चामडे खरोखरच वाकते आणि सैलावते. मिरजेच्या तंबोऱ्याची नवी तार खुंटीच्या ताणाखाली लांबत असते, म्हणून पहिले काही दिवस सारखी उतरते. केबलमधल्या तारेवर असा ताण नसतो. तिचा धातू बदलायचा तर तो चांगला तापायला हवा. हुपरीचे चांदी कारागीर ओढून कडक झालेली तार मंद लाल होईपर्यंत तापवतात, तेव्हा ती मऊ पडते. तांब्यालाही त्यासाठी शेकडो अंश सेल्सिअस लागतात, आणि घरातल्या स्पीकरची केबल हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

२.५ चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब तांब्याची केबल घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.०७ ओहम भरतो. समोरचा स्पीकर बहुधा ८ ओहमचा असतो. थंडीतल्या पहाटेचे १५ अंश एप्रिलच्या दुपारी ३५ झाले तर हा रोध सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो आणि गारवा आला की पुन्हा उतरतो. हा फरक मोजता येतो, तरी कानाला कळत नाही. वेष्टणात थोडा विद्युतभार साठतो हेही खरे; पण संगीताचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा पालटतो, त्यामुळे तो भार तासागणिक साचत जात नाही.

मग आवाज बदलल्यासारखा का वाटतो? स्पीकरच्या पडद्याची कड आणि आतला आधार नव्यात ताठ असतो, तो वाजून सैलावतो. स्पीकर आणि केबल एकदमच घेतली असेल तर त्याचे श्रेय केबलला जाते. कानही नव्या आवाजाला सरावतो, आणि दोन महिन्यांपूर्वीचा आवाज कुणाच्याच नेमका लक्षात राहत नाही.

शंका फेडायची असेल तर एकाच रिळावरून सारख्या लांबीचे दोन तुकडे कापावेत. एक २०० तास वाजवावा, दुसरा कपाटात ठेवावा. मग घरातल्या कुणीतरी न सांगता दोन्हींपैकी मनाला येईल तो तुकडा, असे दहा वेळा जोडावे आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी तो कोणता ते ओळखावे. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते.

केबल बदलताच आवाज सुधारला तर आधी जोड पाहावा. इथल्या पावसाळ्यातल्या दमटपणात उघड्या तांब्याचे टोक काळपट-हिरवट पडते, स्क्रू ढिला होतो, एक बाजू खरखरते. नवी केबल लावताना टर्मिनलही घासून साफ होते. जुन्याच केबलचे टोक बोटभर कापून, तांबे नव्याने सोलून, पीळ देऊन घट्ट आवळले तरी तोच फरक मिळतो. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा हे करावे.