भारतीय कंपन्यांचा परदेशविस्तार

भारतात नोंदलेल्या कंपन्यांनी परदेशात कारखाने काढून, संयुक्त उपक्रमांत भाग घेऊन किंवा तेथील चालू कंपन्या विकत घेऊन केलेला उद्योगविस्तार. केवळ मालाची निर्यात यात मोडत नाही. परदेशातील उद्योगाच्या व्यवस्थापनात वाटा असणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय.

प्रारंभ कोठून मानावा, याबद्दल मतभेद आहेत. 1960 च्या सुमारास बिर्ला समूहाने इथिओपियात उभारलेली कापडगिरणी हा पहिला उपक्रम, असे सामान्यतः सांगितले जाते. काही जण त्याही मागे जाऊन नानजी कालिदास मेहता यांच्या युगांडातील लुगाझी येथील साखर कारखान्याकडे (1924) बोट दाखवतात. तथापि मेहता यांचा उद्योग पूर्व आफ्रिकेतच वाढला. भारतातील एखाद्या कंपनीची ती शाखा नव्हती. स्थलांतरित व्यापाऱ्यांची उद्यमशीलता आणि मायदेशी कंपनीची गुंतवणूक यांत फरक करायचा, तर बिर्लांच्या गिरणीपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

कारणांविषयीचा वादही जुना आहे. मक्तेदारी नियंत्रण कायद्यामुळे देशात वाढण्याची वाट अडली, म्हणून मोठी घराणी बाहेर गेली, असे एक मत. आदित्य बिर्ला यांनी 1969 मध्ये थायलंडमध्ये काढलेली इंडो-थाय सिंथेटिक्स ही सूत कंपनी त्यासाठी हमखास उदाहरणादाखल येते. परंतु तो कायदा लागू झाला जून 1970 मध्ये; परवानापद्धतीचा जाच मात्र आधीपासून होता. लुईस वेल्स व संजय लाल या अभ्यासकांनी 1983 मध्ये वेगळी मांडणी केली. छोट्या बाजारपेठेला पुरेल इतकेच उत्पादन किफायतशीरपणे काढणे, मिळेल त्या कच्च्या मालावर यंत्रे चालवणे, हे कसब या कंपन्यांनी मायदेशी कमावले होते आणि तेच त्यांचे बळ ठरले, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. निर्बंधांमुळे कंपन्या बाहेर का पडल्या ते कळते; परक्या मुलखात त्या टिकल्या कशा, याचा उलगडा दुसऱ्या मतानेच होतो.

1969 च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय भागीदाराने सहसा अल्पांश (निम्म्याहून कमी) भागभांडवल घ्यावे आणि तेही रोखीने न देता भारतात बनलेल्या यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यावे, अशी अपेक्षा होती. यंत्रे जहाजाने रवाना होत आणि त्यांच्या किमतीइतके समभाग कंपनीच्या नावे जमा होत. परकीय चलन वाचे, देशी यंत्रांना गिऱ्हाईक मिळे. मात्र कारभाराची सूत्रे बहुधा स्थानिक भागीदाराकडे राहत. 1992 नंतर हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले.

पुढील काळात चालू कंपन्या विकत घेण्याकडे कल वळला. टाटा टीने ब्रिटनची टेटली (2000), किर्लोस्कर ब्रदर्सने तेथीलच एसपीपी पंप्स (2003) आणि पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस (2004) घेतली. कोरस या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीसाठी टाटा स्टीलने ऑक्टोबर 2006 मध्ये प्रतिसमभाग 455 पेन्स देऊ केले होते. ब्राझीलची सीएसएन ही पोलाद कंपनी चढाओढीत उतरल्यावर जानेवारी 2007 च्या अखेरीस लिलाव झाला व टाटांनी सीएसएनच्या 603 पेन्सवर 608 पेन्सची बोली लावून तो जिंकला. लगेच आलेल्या जागतिक मंदीने पोलादाची मागणी घटली आणि हा व्यवहार दीर्घकाळ जड गेला. कोरसबरोबर टाटांकडे आलेल्या ब्रिटनमधील पोर्ट टॅलबट पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली. टाटा मोटर्सने 2008 मध्ये फोर्डकडून घेतलेली जॅग्वार लँड रोव्हर मात्र काही वर्षांतच नफ्यात आली.

2022 च्या नियमांनुसार भारतीय कंपनीला आपल्या नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) 400 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीची बांधिलकी स्वीकारता येते. एका आर्थिक वर्षात ती 1 अब्ज डॉलरहून अधिक होत असल्यास रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते.