काटा रुतल्यानंतर

बाभळीचा काटा तळपायात मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, ठसठसते आणि पुढे तिथे पू धरतो. हा सारा त्रास जंतूंचा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा शरीराने जंतूंविरुद्ध केलेल्या उपायांचा असतो.

एरवी जंतूंना आत शिरणे सोपे नसते. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर सतत झडत राहतो आणि किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अनेक जंतूंना मानवत नाही. अन्नपाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंपैकी बहुतेक जठरातील तीव्र आम्लात मरतात. श्वासाबरोबर आलेले चिकट स्रावात अडकतात, आणि श्वासनलिकेतील केसांसारखे सूक्ष्म तंतू तो स्राव घशाकडे सरकवतात, जिथून आपण तो नकळत गिळतो. अश्रूंमधील लायसोझाइम हे विकर तर जिवाणूंची पेशीभित्तिकाच फोडते. पुढे पेनिसिलिनमुळे जगाला माहीत झालेले अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये त्याविषयी लिहिले. अभ्यासाला पुरेसे अश्रू मिळावेत म्हणून ते डोळ्यांत लिंबाची साल पिळून स्वतःचे आणि सहकाऱ्याचे अश्रू गोळा करीत.

काटा हे सगळे अडथळे एका क्षणात ओलांडतो. दुखावलेल्या जागेतील पेशी हिस्टामीनसारखी रसायने सोडतात, त्यामुळे तिथल्या केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. लाली, उष्णता आणि सूज येते ती यामुळेच. याच भिंतींतून न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी अंग चोरून बाहेर पडतात, जंतूंच्या रासायनिक खुणांचा माग काढत त्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांना गिळतात आणि थोड्याच वेळात स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी, आणि त्याची हिरवट झाक त्यांच्यातील एका लोहयुक्त विकराची असते. ही उधळपट्टी परवडते, कारण अस्थिमज्जा रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करते.

पेशींचे हे भक्षण ओळखले ते इल्या मेचनिकोव्ह यांनी, आणि तेही काट्याच्याच साहाय्याने. 1882 मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. याच कार्यासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासह मिळाले. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला नाव आहे ते त्यांचेच.

पायातल्या जखमेमुळे जांघेत अवधाण येते, त्याचाही अर्थ आता लागतो. जखमेतून वाहून आलेले जंतूंचे अंश तिथल्या लसीकाग्रंथींत पोहोचतात आणि ते नेमके ओळखणाऱ्या मोजक्या पेशींची संख्या झपाट्याने वाढते. नव्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे बनायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या वेळी मात्र टिकून राहिलेल्या स्मृतिपेशींमुळे हे काम लवकर होते.

काट्याबरोबर येऊ शकणारा धनुर्वात मात्र या व्यवस्थेला चकवतो. त्याचे विष इतके जहाल असते की प्राणघातक ठरणारी त्याची मात्राही प्रतिपिंडे निर्माण करण्याइतकी नसते, आणि म्हणून धनुर्वातातून बऱ्या झालेल्या रुग्णालाही त्याची लस द्यावीच लागते.