मेरेडिथ, बिली

(३० जुलै १८७४ – १९ एप्रिल १९५८). ख्यातनाम वेल्श व्यावसायिक फुटबॉलपटू. पूर्ण नाव विल्यम हेन्री मेरेडिथ. जन्म वेल्स-इंग्लंड सीमेलगत चर्कजवळील ब्लॅक पार्क येथे. बाराव्या वर्षी तो तिथल्या कोळसाखाणीत कामाला लागला. चर्क व नॉर्थविच व्हिक्टोरिया या संघांतून १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीत आला, तो प्रथम हौशी खेळाडू म्हणून. खाणीतले काम त्याने लगेच सोडले नाही.

त्याची जागा आउटसाइड राइटची, म्हणजे उजव्या कडेच्या आघाडीच्या खेळाडूची. चेंडू कडेच्या रेषेलगत थेट गोलरेषेपर्यंत न्यायचा आणि तेथून आत टोलवायचा, ही त्याची हातखंडा चाल. खेळताना दातांत काडी असे. आधी तो तंबाखू चघळत असे; पिंकांनी डागाळलेले सदरे धुणे धोबिणींनी नाकारल्यावर काडी आली, असे सांगतात. १९०४ च्या एफए कप (इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धा) अंतिम सामन्यात बोल्टन वाँडरर्सविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. गोलाच्या वेळी तो ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, होता, असे तेव्हाही काहींचे मत होते.

२९ एप्रिल १९०५ रोजी सिटी संघ ॲस्टन व्हिलाकडून २–३ असा हरला आणि त्याचे साखळी स्पर्धेचे (लीगचे) विजेतेपद हुकले. सामना मुद्दाम हरण्यासाठी मेरेडिथने आपल्याला १० पौंड देऊ केले, असे व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक याने सांगितले. मेरेडिथने आरोप नाकारला. तरीही फुटबॉल असोसिएशनने (इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था) त्याला निलंबित केले. निलंबनकाळात क्लबने पैसे देण्याबाबत हात आखडता घेताच त्याने भूमिका बदलली: देकार आपण दिला, पण तो चिटणीस-व्यवस्थापक टॉम मॅली याच्या संमतीने, असे तो म्हणू लागला. मॅलीने याचा इन्कार केला. देकार दिला गेला असावा, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. तो कोणाच्या सांगण्यावरून, याविषयी मतभेद आहेत. मेरेडिथ बोलला तो पैसे थांबल्यावर, हे ध्यानात घेता त्याचे कथन जपूनच वापरावे लागते. मात्र त्यातून उघड झालेली दुसरी बाब चौकशीत खरी ठरली. १९०१ पासून आठवड्याला ४ पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा होती आणि सिटी ती सर्रास ओलांडत होता. १९०६ मध्ये १७ खेळाडूंना दंड झाला व १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी घालण्यात आली. मॅलीवरील बंदी बेमुदत होती.

त्याच वर्षी मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडकडे गेला. या व्यवहारात ५०० पौंडांचा उल्लेख येतो; ते सिटीला मिळाले की खुद्द मेरेडिथला, याबाबत एकवाक्यता नाही. करारापोटी खेळाडूला १० पौंडांहून अधिक देण्यास मनाई असल्याने अशा रकमेची उघड नोंद होणे संभवत नाही. बंदी उठली त्याच दिवशी तो ॲस्टन व्हिलाविरुद्धच खेळला आणि त्याच्या पासवर संघसहकारी सँडी टर्नबुलने विजयी गोल केला. युनायटेडने पुढे १९०८ व १९११ ची साखळी अजिंक्यपदे आणि १९०९ चा एफए कप जिंकला.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली. त्या सभेचा अध्यक्ष मेरेडिथ होता. १९०९ मध्ये असोसिएशनने संघटनेचे सदस्यत्व सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा युनायटेडचे खेळाडू अडून राहिले. ‘आउटकास्ट्स एफसी’, म्हणजे बहिष्कृतांचा संघ, अशी पाटी पुढे ठेवून त्यांनी काढून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. तडजोड होऊन संघटना टिकली. वेतनमर्यादा मात्र १९६१ पर्यंत कायम राहिली.

वेल्सकडून तो ४८ सामने खेळला. त्यांतील अखेरचा १९२० मध्ये लंडनला झाला. वेल्सने इंग्लंडला २–१ असे हरवले, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. १९२१ मध्ये तो सिटीत परतला. २९ मार्च १९२४ चा न्यूकॅसलविरुद्धचा एफए कप उपांत्य सामना त्याचा शेवटचा. त्या वेळी त्याला पन्नाशी गाठण्यास चार महिने उरले होते. दफन मँचेस्टरच्या सदर्न सेमेटरीत झाले. थडग्यावर नावाचा दगड बसला तो २००१ मध्ये.