सर्वसाधारण सभा (सहकारी गृहनिर्माण संस्था)

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सभासदांची सभा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचा अंतिम अधिकार या सभेकडे असतो. बोलीभाषेत जिला ‘कमिटी’ म्हणतात ती व्यवस्थापक समिती रोजचा कारभार पाहते: पाणी, वीज, सफाई, सुरक्षारक्षक, बिले. मेंटेनन्सचा दर, मोठी दुरुस्ती, पार्किंगचे वाटप, लेखापरीक्षकाची नेमणूक, पुनर्विकास हे विषय मात्र सभेपुढेच यावे लागतात. मुंबईतल्या गावदेवी भागात १९१५ मध्ये सुरू झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपासून पाहिले, तर महाराष्ट्रात घरमालकीची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण (१३-ब) मात्र २०१९ मध्ये आले. रोजच्या कामकाजाचे तपशीलवार नियम संस्थेच्या उपविधींत असतात. पुढील बहुतेक तरतुदी २०१४ च्या आदर्श उपविधींतील (सहकार खात्याने दिलेल्या नमुन्यातील) आहेत. आपल्या संस्थेने कोणत्या सालचे उपविधी स्वीकारले आहेत, हे कपाटातली प्रत उघडून आधी पाहावे. पुष्कळ जुन्या संस्थांत अजून आधीचेच उपविधी लागू असतात आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष वेगवेगळ्या प्रती हातात धरून बोलत असतात.

प्रकार आणि मुदती

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण पुरे व्हायला हवे. ते रखडले की सभा रखडते किंवा अपुऱ्या हिशेबांवर होते. वार्षिक सभेपुढे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, समितीचा अहवाल, उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, पुढच्या वर्षासाठी शासनाच्या नामिकेवरील (मान्य यादीतील) लेखापरीक्षकाची नेमणूक आणि अंदाजपत्रक हे विषय असतात.

मध्येच निर्णय घ्यायचा असेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलावतात. अध्यक्ष किंवा समितीचे बहुमत ती केव्हाही बोलावू शकते. एकूण सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केल्यास समितीला एका महिन्यात ती घ्यावीच लागते. मागणीपत्रावर विषय नेमका लिहावा, सदनिका क्रमांकासह सह्या घ्याव्यात आणि संस्थेची पोच घ्यावी. महिना मोजायचा तो या पोचेच्या तारखेपासून.

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी द्यावी लागते. ‘पूर्ण’ या शब्दावर पुष्कळ सभा अडकल्या आहेत. नोटीस दिल्याचा आणि सभेचा, असे दोन्ही दिवस मोजणीत धरत नाहीत. १ सप्टेंबरला नोटीस दिली तर २ ते १५ हे १४ दिवस होतात आणि वार्षिक सभा १६ तारखेच्या आधी घेता येत नाही. नोटीस फलकावर लावली एवढ्याने भागत नाही, ती प्रत्येक सभासदापर्यंत पोहोचली पाहिजे. परगावी राहणाऱ्या सभासदांना संस्थेच्या दप्तरातील पत्त्यावर पाठवावी आणि रवानगीचा पुरावा जपून ठेवावा. सही घेण्यासाठी वही फिरवताना घर बंद असेल तर तशी नोंद तारखेसह करावी. नंतर ‘मला नोटीसच मिळाली नाही’ असे म्हणणाऱ्यापुढे ठेवायला हा एवढाच कागद असतो.

विषयपत्रिका

सभेचे यश निम्मे इथेच ठरते. ‘इमारतीच्या दुरुस्तीबाबत विचार करणे’ असा विषय लिहिला की चर्चा दोन तास चालते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन निविदांचा विचार करून कंत्राटदार, रक्कम व वर्गणी ठरवणे’ असे लिहावे, निविदांचा तुलनात्मक तक्ता नोटिशीला जोडावा. त्या तक्त्यात नुसती एकूण रक्कम देऊन उपयोग नाही. कामाचे चौरस फूट, साहित्य, हमीची वर्षे आणि कर धरला आहे की नाही, हे सगळे एकाच मापावर आणून मांडावे. सर्वांत कमी रकमेच्या निविदेत जुना थर काढण्याचा खर्चच धरलेला नसतो, हे सभेत कुणाच्या तरी लक्षात येते आणि विषय पुढे ढकलला जातो. हे तपासायचे काम नोटीस काढण्यापूर्वीचे आहे.

विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात. खर्चाचा, दरवाढीचा किंवा कुणाच्या हक्काचा निर्णय त्यात घुसवू नये. त्या विषयाची कल्पना असती तर मी आलो असतो, असे गैरहजर सभासदाला म्हणता येते आणि ते रास्त असते. विशेष सभेत तर नोटिशीतल्या विषयांपलीकडे जाताच येत नाही.

गणपूर्ती आणि मतदान

गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद हजर लागतात. २४ सभासदांच्या संस्थेत १६, ३० सभासदांच्या संस्थेत २०, आणि २०० सभासदांच्या संस्थेतही २०च. नेमलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. नोटिशीत लिहिले असेल त्याप्रमाणे ती त्याच दिवशी उशिरा, किंवा ७ ते ३० दिवसांच्या आतल्या तारखेला भरते आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे मोठ्या संकुलात पंधरावीस जण सर्वांसाठी निर्णय घेतात, आणि तो कायदेशीर असतो. न येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला ही सवलत नाही. तिथे गणपूर्ती न झाल्यास सभा रद्दच होते. म्हणून मागणीपत्रावर सही करणाऱ्यांनी त्या दिवशी हजर राहण्याची जबाबदारीही घ्यावी.

मत सभासदागणिक एक. सदनिका दोघांच्या नावावर असेल तर भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचे नाव पहिले त्याला मत, तो नसल्यास पुढच्या नावाला. कुलमुखत्यार किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्याला सभेत बसता येत नाही, भाडेकरूला मत नाही. सर्वांत जास्त घोळ होतो तो कुटुंबातल्या माणसांचा: भागपत्र वडिलांच्या नावावर आणि वर्षानुवर्षे सभेला येतो मुलगा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची यांना सभासदाच्या शिफारशीने सहयोगी सभासद करून घेता येते आणि सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने ते त्याचे हक्क बजावू शकतात. हे काम सभेपूर्वी उरकावे. दारात उभे राहून त्यावर हुज्जत घालण्याने शेजारधर्म बिघडतो, साधत काहीच नाही. समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत असते. अध्यक्ष गैरहजर असतील तर हजर सभासद आपल्यातून एकाला त्या सभेपुरता अध्यक्ष निवडतात.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलेला कौल हा ठराव नव्हे. ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, एका घरचे तिघे असतात, आणि ग्रुपवर नसलेले सभासदही असतात. चाचपणीसाठी तो उपयोगी आहे. पण त्याच्या जोरावर वर्गणीची बिले काढली, तर ती न भरणाऱ्याकडून वसूल करताना हाती आधार उरत नाही.

ठरावाची भाषा

‘गळतीबाबत चर्चा झाली व लवकरात लवकर काम करण्याचे ठरले’ हे वाक्य असंख्य इतिवृत्तांत सापडते. त्यावरून खजिनदाराला धनादेश काढता येत नाही आणि कंत्राटदाराला काम देता येत नाही. समान क्षेत्रफळाच्या २४ सदनिकांच्या इमारतीसाठी ठराव असा असू शकतो: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग निविदा क्र. २ प्रमाणे करासह ४,८०,००० रुपयांत करून घ्यावे. त्यांपैकी १,२०,००० रुपये दुरुस्ती निधीतून वापरावेत. उरलेल्या ३,६०,००० रुपयांसाठी प्रत्येक सदनिकेने १५,००० रुपये, ५,००० रुपयांच्या तीन मासिक हप्त्यांत, मासिक बिलाबरोबर भरावेत. काम पावसाळ्यापूर्वी पुरे करावे. हमीच्या कालावधीसाठी बिलाच्या ५ टक्के रक्कम राखून ठेवावी. देखरेख सचिव व अमुक दोन सभासद करतील.’ खाली सूचक, अनुमोदक आणि बाजूची व विरोधातली मते. खरोखर एकमत नसताना ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणे हे वादाचे बीज पेरणे आहे. विरोध करणाऱ्याने आपला विरोध नावानिशी नोंदवून घ्यावा आणि सचिवांनी तो मोकळ्या मनाने लिहून घ्यावा.

इतिवृत्ताचा मसुदा समितीने सभेनंतर तीन महिन्यांत निश्चित करून, त्यानंतर १५ दिवसांत सर्व सभासदांना पाठवायचा असतो. सभासदांना हरकती कळवायला १५ दिवस मिळतात. प्रत्यक्षात अनेक संस्था मसुदा पुढच्या वर्षीच्या सभेत प्रथमच वाचतात, आणि तोवर कोण काय बोलले हे कुणालाच आठवत नसते. मसुदा आठवडाभरात, आठवणी ताज्या असतानाच तयार करावा. सभेच्या वहीची पाने क्रमांकित असावीत, मध्ये कोरी जागा सोडू नये, खाडाखोडीवर सही करावी. एकदा संमत झालेला ठराव सहा महिने उलटल्याखेरीज रद्द करण्यासाठी सभेपुढे आणता येत नाही. या नियमामुळे हरलेल्या गटाला लगेच दुसरी सभा बोलावून निर्णय फिरवता येत नाही.

नेहमी पेटणारे विषय

मेंटेनन्स हा शब्द एकच, पण त्यातल्या प्रत्येक रकमेची वाटणी वेगळ्या तत्त्वावर होते. सेवाशुल्क (सफाई, सुरक्षारक्षक, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च) सर्व सदनिकांना सारखे, मग घर एका खोलीचे असो वा चार. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना सारखा. तळमजल्यावरच्या सभासदाला हे अन्यायाचे वाटते, पण उपविधींत वापराचा विचार केलेला नाही. पाण्याची आकारणी नळजोडांच्या संख्येवर व आकारावर असते. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के. बांधकाम खर्च म्हणजे सदनिकेची बाजारभावाची किंमत नव्हे, जमिनीची किंमतही त्यात येत नाही. तो १० लाख रुपये असेल तर दुरुस्ती निधी वर्षाला ७,५०० म्हणजे महिना ६२५ रुपये आणि सिंकिंग फंड वर्षाला २,५०० म्हणजे महिना सुमारे २०८ रुपये होतो. हे निधी वर्षानुवर्षे न जमवता मेंटेनन्स कमी ठेवणारी समिती लोकप्रिय होते. पंचविसाव्या वर्षी स्तंभांतल्या सळया गंजून बाहेर दिसू लागल्या की एकदम लाखाची वर्गणी मागावी लागते, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला ती झेपत नाही. बांधकाम तपासणी इमारत १५ ते ३० वर्षांची असताना दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायची असते. दरवाढ ठरवताना आणखी एक आकडा पाहावा: संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल आणि सभासदाचे मासिक शुल्क ७,५०० रुपयांपुढे गेले, तर वस्तू व सेवा कर लागू होतो.

गळतीत प्रश्न असतो खर्च कुणाचा हा. गच्ची, बाहेरच्या भिंतींतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक पाइप हे संस्थेचे काम. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून, मोरीतून किंवा सिंकमधून खाली पाणी येत असेल तर खर्च सभासदाने करायचा. उगम ठरवण्यासाठी सभेत मत घेऊ नये, प्लंबर किंवा अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा.

पार्किंगबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला की इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. जागा वाहनांपेक्षा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावे. ‘आधीपासून माझी गाडी इथेच’ हा हक्क उपविधींत नाही.

ठराव कायद्यावर मात करू शकत नाही. सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, मग सभेने एकमताने कितीही ठरवो. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी बहुमतानेही घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कुत्र्याला फिरवण्याच्या वेळा, पट्टा आणि घाण उचलणे यांवर मालकाच्या सहकार्याने नियम ठरवावेत.

पुनर्विकास

इथे नेहमीचे नियम पुरत नाहीत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्णयाने तीन चतुर्थांश गणपूर्ती आणि हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांशांची संमती अशी चौकट घातली. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ती दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती अशी केली. सभेचे चित्रीकरण करावे लागते, ओळख पटवून फक्त अधिकृत सभासदांनाच आत घेतले जाते, आणि विकासक निवडीच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी हजर असतो. अनेक संस्था विकासकांचे प्रस्ताव आधी मागवतात आणि वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नंतर नेमतात. हा क्रम उलटा आहे. सल्लागाराचा सुसाध्यता अहवाल हाती नसेल तर ‘४० टक्के जादा जागा’ हे आश्वासन त्या भूखंडावर बसते की नाही, हे कुणालाच तपासता येत नाही. शिवाय ते टक्के कशावर मोजले, जुन्या चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या जागेवर) की बांधीव क्षेत्रावर (भिंती धरून), हे लेखी घेतलेले नसते.

वसुली आणि वाद

थकबाकीदाराचे पाणी तोडणे किंवा लिफ्ट बंद करणे असले ठराव करू नयेत. वसुलीसाठी कायद्यात सरळ मार्ग आहे: कलम १५४-ब-२९ खाली (पूर्वीचे कलम १०१) निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला घेता येतो, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. अर्जासोबत दर ठरवणारा ठराव, बिले, खातेउतारा आणि मागणीच्या नोटिशी लागतात. ठरावात दर स्पष्ट नसेल तर प्रकरण तिथेच अडते. सभेच्या वैधतेविषयीचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. निवडणुकीविषयीच्या वादासाठी मुदत थोडीच असते.

हे सर्व सहकारी संस्थेला लागू आहे. १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील अपार्टमेंटधारकांच्या संघटनेत मत डोक्यागणिक नसून प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीप्रमाणे मोजतात आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या शेजारच्या दोन इमारतींत मेंटेनन्सची बिले वेगळी असू शकतात.