श्रोणितल विकार : स्त्रियांमधील उपचार व संशोधन

श्रोणितल म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायू व बंधांचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना तो खालून आधार देतो; मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग त्यातूनच बाहेर पडतात. हा थर सैलावला, हाडापासून सुटला किंवा त्याच्या नसांना इजा झाली, तर प्रामुख्याने तीन तक्रारी उद्भवतात. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी निसटते (ताणजन्य गळती). लघवीची एकाएकी अनावर घाई होते आणि कधी मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच गळते (अतिक्रियाशील मूत्राशय). किंवा गर्भाशय, मूत्राशय अथवा मलाशय योनिमार्गात उतरते. यालाच बोलीत ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘मायांग बाहेर येणे’ म्हणतात. एकाच स्त्रीला यांतल्या दोन-तीन तक्रारी असणे नेहमीचे आहे.

योनिमार्गे झालेले बाळंतपण हे सर्वांत मोठे कारण, त्यातही चिमटा लावून केलेली प्रसूती. तिच्यात श्रोणितलाचा मुख्य स्नायू जघनास्थीपासून उखडण्याचा धोका वाढतो. वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठामुळे कुंथणे आणि जड ओझी वाहणे यांची भर पडते.

तपासणी : तीन दिवसांची लघवीची नोंदवही हे सर्वांत स्वस्त आणि अनेकदा सर्वांत उपयोगी साधन. किती वाजता किती मिलीलिटर लघवी झाली, काय व किती प्यायले, गळती कधी व काय करताना झाली, एवढे लिहिले तरी ताण आणि घाई यांतला फरक बहुधा उलगडतो. जंतुसंसर्गासाठी लघवी तपासतात, मूत्राशय भरलेले असताना खोकायला लावतात, लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीने पाहतात. अंग किती उतरले हे १९९६ पासून प्रमाणित पद्धतीने सेंटिमीटरमध्ये मोजतात : योनिपटलाची पातळी शून्य, तिच्या वर उणे, खाली अधिक. रुग्णाने जोर काढून कुंथलेले असतानाच मोजावे. नुसती आडवी झोपवून तपासले तर अंग आत सरकते आणि विकार कमी भरतो.

मूत्राशयात नळी घालून दाब मोजण्याची चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी सर्रास केली जाई. अमेरिकेतील ‘व्हॅल्यू’ या अभ्यासाने (२०१२) साधी, स्पष्ट दिसणारी ताणजन्य गळती असलेल्या ६३० स्त्रियांमध्ये ही चाचणी करून आणि न करता तुलना केली. शस्त्रक्रियेचे एका वर्षानंतरचे यश ७६.९ आणि ७७.२ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मात्र हा निष्कर्ष साध्या गळतीपुरता आहे. आधी शस्त्रक्रिया झालेली, लघवी साचून राहणारी किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेली स्त्री त्यात बसत नाही.

व्यायाम : लॉस एंजेलिसमधील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये श्रोणितलाच्या पद्धतशीर व्यायामाचा आणि आकुंचनाचा दाब दाखवणाऱ्या उपकरणाचा पुरस्कार केला. पुढे केगल यांचे नाव टिकले, पण दाब मोजण्याचा, म्हणजे व्यायाम बरोबर होतो की नाही हे पाहण्याचा भाग गळून पडला. अडचण नेमकी तिथेच आहे. १९९१ मध्ये ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन तपासले असता जेमतेम निम्म्या जणींनी आदर्श आकुंचन केले. १२ जणी तर उलट खाली जोर देत होत्या, ज्याने गळती वाढूही शकते. म्हणून छापील पत्रक हातात देणे हा उपचार नव्हे. एकदा तरी योनिमार्गात बोट ठेवून तपासणे आवश्यक असते.

योग्य आकुंचन असे : वारा आणि लघवी दोन्ही एकाच वेळी रोखल्यासारखे आत व वर ओढायचे. पोट, मांड्या, नितंब सैल ठेवायचे, श्वास चालू ठेवायचा. सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, हळूहळू १० सेकंदांपर्यंत जायचे. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. जोडीला काही झटपट आकुंचने. लघवीची धार मध्येच तोडणे हा रोजचा व्यायाम करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. सैल सोडणे अनेकजणी विसरतात. ज्यांचे स्नायू मुळातच आखडलेले असतात आणि संबंधांच्या वेळी दुखते, त्यांना नुसते आवळत राहिल्याने त्रास वाढतो. अशा वेळी आधी स्नायू सैल करायला शिकवावे लागते.

खोकण्याच्या अगदी आधी स्नायू आवळण्याची लकब वेगळी शिकवतात. ताकद वाढायला महिने लागतात. ही लकब मात्र आठवडाभरातच गळती कमी करते, असे १९९८ च्या एका प्रयोगात दिसले.

चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणानुसार (कॉक्रेन, २०१८) ताणजन्य गळती असलेल्या व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांनी, तर उपचार न घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी गळती थांबल्याचे सांगितले. पडद्यावर आकुंचन दाखवणारे यंत्र जोडल्याने आणखी फायदा होतो का? ब्रिटनमधील ६०० स्त्रियांच्या अभ्यासात (२०२०) दोन वर्षांनी फरक आढळला नाही. शिकवणारी व्यक्ती चांगली असेल तर यंत्रावरचा खर्च टाळता येतो. वजनाचे महत्त्वही सिद्ध आहे : २००९ च्या अमेरिकन अभ्यासात स्थूल स्त्रियांचे वजन सहा महिन्यांत ८ टक्के घटले, तेव्हा आठवड्याची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली, तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी.

घाईवरील उपचार : मूत्राशयाला वळण लावणे ही पहिली पायरी, किमान ६ आठवड्यांची. नोंदवहीतून सध्याचे अंतर काढायचे, समजा ते एक तास आहे. दर आठवड्याला त्यात १५ ते ३० मिनिटे वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचे. घाई आली की धावायचे नाही. जागीच थांबून पाच-सहा झटपट आकुंचने करायची, लाट ओसरली की चालत जायचे. गळेल म्हणून पाणी तोडणे ही सर्रास होणारी चूक. लघवी घट्ट होऊन मूत्राशयाला अधिक चुरचुर होते. चहा-कॉफी कमी करणे अधिक फलदायी.

औषधांमध्ये ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सॉलिफेनासिन यांचा जुना गट मूत्राशयाच्या स्नायूची आकुंचने दाबतो. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वृद्धांमध्ये स्मरणशक्तीची काळजी घ्यावी लागते. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने स्नायू सैल करते. ते घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवतात.

गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत १०० युनिट बोटॉक्स (स्नायू शिथिल करणारे औषध), साधारण २० ठिकाणी अर्धा-अर्धा मिली, टोचतात. ‘एबीसी’ अभ्यासात (२०१२) गोळ्या आणि बोटॉक्स यांनी रोजच्या गळतीचे प्रसंग जवळपास सारखेच घटले (३.४ व ३.३). पण गळती पूर्ण थांबली ती गोळ्यांच्या गटात १३ टक्के आणि बोटॉक्सच्या गटात २७ टक्के स्त्रियांची. त्याची किंमत म्हणजे मूत्रसंसर्ग : १३ विरुद्ध ३३ टक्के. लघवी अडल्यास स्वतः नळी घालायची तयारी आहे का, हे टोचण्याआधी विचारायलाच हवे. दुसरा पर्याय म्हणजे त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या, माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडाच्या) तिसऱ्या छिद्रातून नसेजवळ तार सरकवून बॅटरीने सौम्य विद्युत्‌प्रवाह देणे. आधी तात्पुरती चाचणी होते. तक्रार निम्म्याने तरी घटली तरच बॅटरी कायम बसवतात.

ताणजन्य गळतीच्या शस्त्रक्रिया : ‘सिस्टर’ अभ्यासात (२००७) ६५५ स्त्रियांवर दोन जुन्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. एकीत योनीच्या ऊती टाक्यांनी जघनास्थीमागे टांगतात (बर्च), दुसरीत रुग्णाच्याच स्नायू-आवरणाची पट्टी मूत्रमार्गाखाली बसवतात. दोन वर्षांनी ताणजन्य गळतीपुरते यश ४९ आणि ६६ टक्के. पण कोणतीही गळती नसणे वगैरे सर्व कसोट्या लावल्या की तेच ३८ आणि ४७ वर आले. यशाचा आकडा सांगताना ‘यश’ कशाला म्हटले हे न सांगणारा अहवाल म्हणूनच निरुपयोगी. पट्टी अधिक टिकाऊ ठरली, पण मूत्रसंसर्ग आणि लघवी अडणे यांचे प्रमाणही तिच्यातच जास्त होते.

१९९० च्या दशकात स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी रूढ केलेली पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची सुमारे १ सेंटिमीटर रुंद पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली, ताण न देता ठेवतात. ती जघनास्थीमागून किंवा मांडीच्या बाजूने नेता येते. ‘टोमस’ अभ्यासात (२०१०) दोन्ही मार्गांचे यश जवळपास सारखे आले (८०.८ व ७७.७ टक्के), तोटे मात्र वेगळे. पहिल्या मार्गाने २.७ टक्के स्त्रियांची लघवी अडून पुन्हा शस्त्रक्रिया लागली, दुसऱ्याने एकीचीही नाही. उलट मांडीतील अशक्तपणा, बधिरपणा यांसारख्या तक्रारी ४.० विरुद्ध ९.४ टक्के. पट्टी जास्त आवळली तर लघवी अडते किंवा नवीनच घाई सुरू होते.

हीच जाळी मोठ्या तुकड्यांत, अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवली गेली तेव्हा परिस्थिती बिघडली. आधीच्या उत्पादनांशी साम्य आहे एवढ्या आधारावर अनेक जाळ्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली होती, स्वतंत्र चाचण्यांविना. जाळी योनीत उघडी पडणे, आकसणे, कायमचे दुखणे अशा तक्रारी आल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ व २०११ मध्ये इशारे दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये या वापरासाठीच्या जाळीची विक्री थांबवली. गळतीसाठीची अरुंद पट्टी या बंदीत नव्हती. इंग्लंडमध्ये मात्र २०१८ पासून तिच्याही वापराला स्थगिती मिळाली.

अंग बाहेर येण्यावरील उपचार : त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवणे पुरते. रिंग पेसरी, म्हणजे योनीत बसवायचे कडे, हा शस्त्रक्रियेविना आधार : बसवल्यावर हाडाच्या व रिंगच्या मध्ये बोट फिरले पाहिजे, चालून, कुंथून आणि लघवी करून ती टिकते का हे दवाखान्यातच पाहावे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मलम लावतात, नाहीतर घर्षणाने व्रण पडतात. काढून साफ करायची विसरलेली पेसरी ऊतीत रुतते.

शस्त्रक्रियेत केवळ ‘पिशवी काढली’ म्हणून आधार परत येत नाही. योनीचा वरचा भाग बंधांना टांगावाच लागतो. अशा दोन पद्धतींच्या ‘ऑप्टिमल’ तुलनेत दोन वर्षांनी यश सुमारे ६४ टक्के होते. पाच वर्षांनी काटेकोर व्याख्येनुसार अपयश ६१.५ व ७०.३ टक्के भरले, तरीही बहुतेकींना वाटणारा आराम टिकून होता.

गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. तरुण, मूल हवे असलेल्या स्त्रियांसाठी वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशयमुख पट्टीने मागे त्रिकास्थीला, तर पुरंदरे यांनी पुढे पोटाच्या भिंतीतील स्नायू-आवरणाला टांगण्याची पद्धत काढली. शिरोडकरांचा मार्ग शरीररचनेला अधिक जुळतो, पण त्रिकास्थीसमोरच्या शिरा आणि उजवी मूत्रवाहिनी जवळ असल्याने तो अवघड. पुरंदरेंचा सोपा व सुरक्षित, मात्र गर्भाशय पुढे ओढले गेल्याने मागची बाजू मोकळी राहते आणि तेथे आतड्याचा फुगवटा उतरू शकतो.