मॉडेल रेल्वेची वाघीण डुगडुगते? चाकं परत पाठवण्याआधी एवढं वाचा

आम्ही वाघिणींचे, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मालडब्यांचे, घरी जोडायचे संच विकतो. परत आलेल्या पाकिटांत बहुतेक वेळा एकाच मजकुराची चिठ्ठी असते: "चाक वाकडं आहे, वाघीण रुळांच्या सांध्यावर घसरते, बदलून द्या." चाक आम्ही बदलून देतो, पुढेही देऊ. पण परत आलेली जोडी फिरवून पाहिली की ती जवळजवळ नेहमीच सरळ निघते. नवी जोडी घालूनही तुमची वाघीण त्याच सांध्यावर पुन्हा उतरते, आणि टपालात दिवस जातात ते वेगळेच. चाक चांगलं असतं, सांगाडा पिळलेला असतो.

खात्री करायला एक मिनिट लागतं. वाघीण काचेवर किंवा आरशाच्या तुकड्यावर ठेवा. टेबल चालणार नाही, टेबलाला स्वतःचाच बाक असतो. आता चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोटाचं टोक हलकेच टेकवा. कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांवर टक्‌टक् असा आवाज आला तर वाघीण तीन चाकांवर उभी आहे. डोळा काचेच्या पातळीला आणून मागून दिवा धरलात तर चौथ्या चाकाखाली उजेडाची बारीक चीर दिसेल. ती चीर अर्धा मिलिमीटर वाटते, म्हणून लोक सोडून देतात. पण नेहमीच्या मॉडेल चाकाची कड खोलीला असते साधारण ०.६ मिलिमीटर. चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं की रुळाला धरून ठेवायला कडच उरत नाही. सरळ रुळावर हे खपून जातं, वळणावर आणि सांध्यावर नाही.

पीळ येतो घाईमुळे. सोलबार म्हणजे ज्यांच्यावर ॲक्सलबॉक्स, म्हणजे ॲक्सलची टोकं बसवायच्या पेट्या, असतात त्या दोन लांब पट्ट्या. त्या दोन्ही एकाच बैठकीत चिकटवल्या जातात, आणि मग चाकं मधे दाबून बसवली जातात. ॲक्सलच्या टोकदार अण्या पट्ट्यांना बाहेर रेटतात, चिकटवायच्या सॉल्व्हंटने मऊ झालेला जोड सरकतो आणि सरकलेल्या जागीच वाळतो. दिसायला सगळं ठीक असतं.

आमची रीत अशी आहे. तळ आधी काचेवर ठेवून सपाट आहे ना ते पाहा. पितळी बेअरिंगं ॲक्सलबॉक्सच्या भोकांत पूर्ण खाली बसली पाहिजेत. बेअरिंगची कड वर राहत असेल तर भोकाचं तोंड ड्रिल बोटांत धरून किंचित मोठं करा. पहिला सोलबार गुण्या लावून काटकोनात चिकटवा आणि निदान तासभर हात लावू नका. मग दुसरा सोलबार चाकं जागेवर धरूनच लावा. सॉल्व्हंट ब्रशच्या टोकाने जोडाला नुसता टेकवा, तो फटीत आपोआप ओढला जातो. लगेच वाघीण चाकांवर काचेवर उभी करा, चारही चाकं टेकेपर्यंत बोटाने हलकं जुळवा, वर थोडं वजन ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी चाकाला फुंकर मारा. ते मोकळं फिरलं पाहिजे, आणि ॲक्सल आडवा किंचितच हलला पाहिजे.

संचाच्या सूचना-पत्रिकेत "रात्रभर" लिहिलं म्हणून काही ग्राहक नाराज होतात. सॉल्व्हंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतो. वरून पाच मिनिटांत कोरडा दिसणारा जोड आतून कित्येक तास मऊ असतो. हा वेळ आम्हाला कमी करता येत नाही.

पिळलेली वाघीण फेकू नका. जो कोपरा उचलला जातो, तिथल्या सोलबारच्या जोडात पुन्हा सॉल्व्हंट सोडा, काही मिनिटं थांबा, काचेवर दाबून वाळू द्या. पेटी पिरगळून सरळ करायला गेलात तर फळ्यांचे जोड सुटतात. पेटीवर रंग चढून गेलेला असेल तर एका टोकाचा ॲक्सल झुलता करणारा आमचा छोटा संच बसवा. तीन बिंदूंवर टेकलेली वाघीण डुगडुगत नाही, म्हणून थोडा पीळ त्यात सामावतो. नव्या वाघिणीला मात्र त्याची गरज पडू नये.

"संचात चाकं का नाहीत?" हे सारखं विचारलं जातं. मॉडेलचे ४ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट, या एकाच प्रमाणात कोणी १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालवतो, कोणी १८.२, कोणी १८.८३. तुमच्या उपयोगाची नसलेली चाकं तुमच्या गळ्यात मारणं आम्हाला पटत नाही. रुळाचं माप कळवलंत तर जुळणारी जोडी आणि बेअरिंगं एकाच पाकिटात देतो.

वजनाबद्दल: या प्रमाणात दर ॲक्सलला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे दोन ॲक्सलच्या वाघिणीला ५० ग्रॅम धरा. शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकात कधीही बसवू नका. काही वर्षांत शिशावर पांढरा थर चढून फुगतो आणि भिंती फोडून बाहेर येतो. अशा फुटलेल्या वाघिणी आम्ही हातात घेतल्या आहेत, आणि त्या दुरुस्त होत नाहीत. लोखंडी नट घाला. बंद वाघिणीच्या तळाला एक भोक ठेवा, म्हणजे सॉल्व्हंटची वाफ आत कोंडून भिंती आत ओढल्या जाणार नाहीत.

ब्रिटिश १६ टनी कोळशाची वाघीण करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ब्रेकचा दांडा कोणत्याही बाजूला उभे राहून पाहिलं तरी उजव्या हाताला येतो. आणि पांढरा तिरका पट्टा ज्या टोकाकडे चढत जातो, त्या टोकाला दार असतं. आमच्या डीकलमध्ये, म्हणजे चिकटवायच्या छापील खुणांमध्ये, दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे छापलेले आहेत, ते अदलाबदल करू नका.

एवढं करूनही वाघीण घसरत असेल तर ती काचेवर ठेवून चाकांच्या पातळीवरून एक फोटो काढा आणि पाठवा. जोड तोडण्याआधी पाठवा. बहुतेक वेळा फोटोवरूनच कोणता कोपरा मऊ करायचा ते आम्ही त्याच दिवशी सांगतो.